रिकामा गंजमाळ

बेलदरा हे गाव मुखेडच्या दक्षिणेला, बालाघाटाच्या एका उतरत्या डोंगराला पाठ टेकून बसले आहे. चाळीसेक उंबरे, एक शाळा, महादेवाचे देऊळ आणि गावाच्या कडेने वाहणारा, आठ महिने कोरडा असणारा ओढा. गाव आणि डोंगर यांच्यामध्ये गायरानाची एक लांबट पट्टी आहे. तिला गंजमाळ म्हणतात. ज्वारी निघाली की प्रत्येक घर आपला कडबा तिथे आणून गंजी रचते. कोणाची गंजी कुठे, हे कोणत्याही कागदावर लिहिलेले नाही, पण शेंबड्या पोरालाही ते पाठ असते. आजा जिथे रचत होता तिथे बाप, बाप जिथे रचत होता तिथे लेक. एक साल जागा मोकळी राहिली की शेजारची गंजी वीतभर सरकते, दुसऱ्या साली हातभर, आणि तिसऱ्या साली ती जागा आपली होती हे सांगायला साक्षीदार धुंडाळावा लागतो. म्हणून ज्यांच्या दावणीला आता शेळीसुद्धा नाही, अशी घरेही चार तुराट्या आणून आपल्या जागेवर टाकून ठेवत.

डोंगरावर कुसळी गवत कमरेएवढे वाढते. दिवाळीनंतर ते पिवळे पडते, होळीपर्यंत कोळपते आणि चैत्रात नुसत्या विडीच्या थोटकाची वाट बघत उभे असते. ते गवत जिथे संपते तिथून पंचवीस पावलांवर गावाच्या सगळ्या गंज्या, आणि गंज्यांना लागून गोठे. हे सगळ्यांना दिसत होते. पण रोज दिसणारी गोष्ट माणसाला दिसेनाशी होते, तसे झाले होते.

शिवगंगाला ते पुन्हा दिसायला लागले त्याला नऊ वर्षे झाली.

त्या चैत्रात डोंगर पेटला तेव्हा सगळे गाव हंडे-घागरी घेऊन वर धावले. बायाही धावल्या, पोरेही धावली. खाली गावात राहिली ती दोन म्हातारी माणसे आणि दाव्याला बांधलेली जनावरे. माणसे वर गवतावर पाणी ओतत राहिली आणि वारा ठिणग्या त्यांच्या डोक्यावरून खाली घेऊन आला. मागे वळून बघितले तेव्हा गंजमाळ पेटलेला होता. अकरा गंज्या गेल्या, दोन गोठे गेले, आणि शिवगंगाची दुभती गाय दाव्याला हिसके देत देत मेली. तिचा नवरा शिवमूर्ती खालच्या पेंढ्या तरी ओढून काढू म्हणून पेटत्या गंजीत दोन्ही हात घालून बसला. नांदेडच्या दवाखान्यात दीड महिना काढून तो परत आला तो बोटे आत वळलेले हात घेऊन. कुळव धरणे संपले. पेंढी बांधणे संपले. भाकरीचा तुकडाही तो दोन मनगटांमध्ये धरून मोडतो.

बेलदऱ्याची एक जुनी रीत आहे. ज्याची गंजी जळते त्याला प्रत्येक घर पाच पेंढ्या देते. त्या त्याच्या गंजीच्या जागेवर नेऊन टाकायच्या. त्याने मागायचे नाही, देणाऱ्याने बोलून दाखवायचे नाही. मात्र पेंढ्या पडल्या की घरधन्याने त्याच दिवशी त्या रचायला घ्यायच्या. गावाने दिलेली वैरण जमिनीवर पडून राहिली तर तो गावाचा अपमान समजतात. त्या सालीही रीतीप्रमाणे पेंढ्या पडल्या. नवरा दवाखान्यात, म्हणून शिवगंगा एकटीच रचायला उभी राहिली. पायाखालची राख अजून कोमट होती. तिने पहिली पेंढी ठेवली आणि तिच्या मनात आले, ‘राख गरम हाय आन आमी परत हितंच रचून राहिलो.’ तेव्हा ती कुणाला काही बोलली नाही. गाय गेलेली, नवरा जायबंदी, दीर वैरी. कुणाशी बोलणार?

दीर म्हणजे वीरभद्र, शिवमूर्तीचा थोरला भाऊ. दोघा भावांच्या गंज्या शेजारी शेजारी. मध्ये बापाने पुरलेला एक दगड. तो दगड दीड हात इकडे होता की तिकडे, यावरून भाऊ भावाशी वीस वर्षे बोलत नव्हता. शिवगंगा तर थोरल्या दिराशी कधीच बोलली नव्हती. त्यात भांडण नव्हते, तो त्या घरातला रिवाज होता. धाकट्या भावजयीने थोरल्या दिरासमोर पदर पुढे ओढायचा आणि सांगायचेच असेल तर तिसऱ्याला सांगायचे. तिसरा नसला तर शेळीला सांगायचे. वीरभद्र ऐकून घ्यायचा आणि उत्तर तोही शेळीलाच द्यायचा.

गेल्या मार्गशीर्षात वनखात्याची वनरक्षक तनुजा गावात आली. जंगलाच्या हद्दीवर जाळरेषा काढायची होती. जाळरेषा म्हणजे दहा पावले रुंदीचा गवताचा पट्टा आधीच कापून, खरवडून, जपून जाळून टाकायचा, म्हणजे पुढे खरी आग आली की तिला खायला काही उरत नाही. कामाला बाया हव्या होत्या. शिवगंगा त्यात गेली. आठ दिवस खुरपे आणि फावडे चालवले. शेवटच्या दिवशी सगळ्या दगडावर टेकून पाणी पीत होत्या, तेव्हा तिने विचारले, “मॅडम, ही रेष आगीला थांबिवती?”

“गवताच्या आगीला थांबवते, अक्का.”

“आन उडत्या ठिणगीला?”

तनुजाने खाली गंजमाळाकडे बघितले. तिथे गेल्या सालच्या उरल्यासुरल्या गंज्या काळ्या पडून उभ्या होत्या. “ठिणगी कशावर पडते त्यावर आहे. मातीवर पडली तर विझते. तुमचा गंजमाळ म्हणजे डोंगर आणि गाव यांच्यामध्ये तुम्हीच लावून ठेवलेली वात आहे.”

“मग आमी आठ दिस काय केलं?”

“अर्धं काम केलं,” तनुजा म्हणाली. “त्या गंज्या तिथून हलल्या तर अख्खा माळच रेष होईल.”

शिवगंगा घरी आली ती हेच घेऊन. ओढ्याच्या पलीकडे, शाळेच्या खाली, खडकाळ पड होती. गवताचे पातेसुद्धा नाही, मध्ये ओढ्याची वाळू. गंज्या तिथे गेल्या पाहिजेत, आणि नवी ज्वारी निघायच्या आत हे ठरले पाहिजे. एकदा गंजी बसली की बेलदऱ्यातला माणूस ती उठवत नाही. हाताशी महिनाभर होता.

आधी घर. रात्रीच्या जेवणाला अजून वेळ होता, शिवमूर्ती ओसरीवर बसला होता. तिने सगळे सांगितले. तो ऐकत राहिला आणि मग आपले दोन्ही हात तिच्यासमोर धरले.

“ह्ये हात त्या जागेला दिलेत म्या. आन ती जागा सोडून द्यायची? वीरभद्राला?”

“हात दिले,” शिवगंगा म्हणाली, “आता अजून काय द्यायचं राहिलंय?”

तो उठून देवळात निघून गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना कपाकडे बघत म्हणाला, “जागेसाठी न्हाई गेलतो म्या आत. जनावराच्या घासासाठी गेलतो. लोक इसरले, म्या बी इसरलो व्हतो.” आणि थोड्या वेळाने, “वड्यापल्याड दगडं लई हायेत. खाली तुराट्या अंथराव्या लागतील, न्हाईतर कडबा कुजतो.” एवढेच. पण तिला तेवढे पुरले.

सव्वीस जानेवारीची ग्रामसभा झेंड्यानंतर शाळेच्या आवारात भरली. सरपंच संगमेश तरुण माणूस, मोबाईलमध्ये डोके घालून सभा चालवणारा, पण मनाचा सरळ. शिवगंगा उभी राहिली. तिने भाषण केले नाही. नऊ वर्षांपूर्वी कुठली गंजी आधी पेटली, मग कुठली, कुठला गोठा, हे एकेक नाव घेऊन सांगितले. मग म्हणाली, “ह्या साली गंज्या वड्यापल्याड.”

गलका उठला. कुणी म्हणाले लांब पडते, कुणी म्हणाले तिथे शाळेची पोरे कडबा विस्कटतील. खरे कारण कुणी बोलत नव्हते. ते शेवटी वीरभद्र बोलला, समोर बसलेल्या केरबाकडे तोंड करून. केरबा गावचा कोतवाल, हलगी वाजवून दवंडी देणारा.

“केरबा, इचार की, जागा मोकळी पडल्यावर कब्जा कुणाचा राहील?”

शिवगंगाने पदर पुढे ओढला आणि तीही केरबाकडे वळली. “केरबा, भावजींना सांग, ज्याची जागा त्याचीच राहील. नावं लिहू, अंगठे घेऊ.”

“केरबा, इचार, कागदाला कोण भितंय?”

“केरबा, सांग, कागदाला न्हाई भीत कुणी. आगीला भ्या म्हणावं.”

केरबा एकदा इकडे, एकदा तिकडे मान वळवून बेजार झाला. “मालक, म्या मधी टेलिफोनचा खांब हाय का? तुमी दोगं एका सभेत बसलाव, बोला की थेट!” सभा हसली. हसण्यात का होईना, ठराव झाला. पंचायतीने गंजमाळाचा नकाशा काढायचा, प्रत्येक जागेवर घराचे नाव लिहायचे, आणि ती जागा कुणी बळकावायची नाही. ओढ्यापलीकडे चाळीस जागा आखायच्या, दोन गंज्यांमध्ये एक बैलगाडी सुटेल एवढे अंतर.

केरबाने दोरी धरली, शिवगंगाने दगडांना चुना लावला. संगमेशने नकाशा काढून पंचायतीच्या भिंतीवर चिकटवला. चाळीस दगड ओळीने उभे राहिले. चाळिसावा, ओढ्याच्या वळणावरचा, वीरभद्राचा. त्याने तो बघितलासुद्धा नाही.

पहिली गंजी शिवगंगाने हलवली. गेल्या सालचा थोडा कडबा होता, तो आधी आणि मग माघात नवा. गंजमाळावरची तिची जागा मोकळी झाली. आठ दिवसांत वीरभद्राचा नवा कडबा गाडीतून आला. त्याने बापाचा दगड उपटला, बाजूला ठेवला, आणि दोन्ही जागा मिळून एकच ऐसपैस गंजी रचली. गावाने ते बघितले. ज्यांनी हो म्हटले होते त्यातले पाचजण दुसऱ्याच दिवशी कडब्याच्या गाड्या घेऊन गंजमाळाकडे वळले.

“बगितलं का अक्का?” त्यातला एकजण तिला म्हणाला. “नकाशा भितीवर आन गंजी माळावर. आमाला खुळे समजलाव?”

शिवमूर्ती घरात येऊन भिंतीला टेकून बसला. त्याचा चेहरा बघून शिवगंगाला वाटले, जाऊन ती गंजी दोन हातांनी उधळून टाकावी. ती गेली नाही. ती हातपंपावर गेली. तिथे बाया होत्या, आणि त्यात वीरभद्राची बायकोही होती.

“जाऊबाई,” शिवगंगा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “भावजींना म्हणावं, लागंल तेवढी जागा घ्या. म्या भांडायला येणार न्हाई. माझी गंजी वड्यापल्याड हाय, म्या बिनघोर झोपते.” मग इतर बायांकडे वळली. “कडबा रचतंय कोण? गडी. आन रोज दोन येळा डोक्यावर वैरण कोण आणतंय?”

“आपून,” एकजण म्हणाली.

“दोनशे पावलं जास्त चालायची तयारी आपली हाय का न्हाई, येवढंच सांगा. गड्यांचं गड्यांना बगू द्या.”

बायांनी मनगटे झटकली, कंबरा चोळल्या, दोनशे पावलांना शिव्या घातल्या. आणि घरी जाऊन सांगितले की गंजी माळावर बसली तर वैरण तुम्ही आणा. पाच गाड्या परत फिरल्या. शिवरात्रीपर्यंत एकोणचाळीस गंज्या ओढ्यापलीकडे उभ्या राहिल्या. गंजमाळावर एकच गंजी, सगळ्यांत मोठी. बायांनी बाकीचा माळ खरवडून मातीला आणला. वीरभद्राच्या गंजीभोवतीही शिवगंगाने चार पावले गवत काढले. तो बघत उभा होता. तो शेळीला म्हणाला, “उगं कामून खपून राहिली?” शिवगंगा शेळीला म्हणाली, “आगीला नाती कळत न्हाईत.”

एवढ्यावर ती थांबली असती तर ती शिवगंगा नव्हे. नऊ वर्षांपूर्वी सगळे वर धावले हे ती विसरली नव्हती. तिने आणि संगमेशने घरटी कामे वाटून दिली. कुणी जनावरे सोडायची, कुणी म्हाताऱ्यांना शाळेत न्यायचे, कुणी कडुलिंबाचे ओले डहाळे घेऊन रेषेवर उभे राहायचे. डोंगरावर कुणीही चढायचे नाही. प्रत्येक गोठ्याच्या खांबाला एक विळा टांगलेला हवा, दावे सोडत बसायचे नाही, कापायचे. आणि फवारणीचे पंप. ते घरोघर होतेच. ते धुऊन, स्वच्छ पाण्याने भरून दाराशी ठेवायचे. “धुऊन” या शब्दावर तिचा जोर होता, कारण तणनाशकाचा पंप तसाच भरून ठेवला तर आग विझायच्या आधी डोळे जातील.

फाल्गुनात एका मंगळवारी सकाळी रंगीत तालीम ठरली. देवळाचा भोंगा लोडशेडिंगमध्ये बंद असतो, म्हणून इशारा हलगीचा. केरबाने पारावर उभे राहून हलगी कडाडली. दोन मिनिटांत लोक बाहेर आले. निम्म्यांच्या हातात पिशव्या होत्या.

“पिशव्या कशाला?” शिवगंगाने विचारले.

“रेशन आलं न्हाई का?” एक म्हातारी म्हणाली. “केरबा वाजवतोय म्हणल्यावर रेशनच की!”

पंप घेऊन आलेल्या सातजणांपैकी चौघांचे पंप बॅटरीचे होते आणि तिघांच्या बॅटऱ्या उतरलेल्या. एकाच्या पंपात भुंग्याने घर केले होते. संगमेशने कपाळावर हात मारला. वीरभद्र आपल्या ओट्यावर बसून हसत होता, आणि खरे सांगायचे तर हसण्यासारखेच होते. शिवगंगा हसली नाही. तिने तिथेच ठरवले की दवंडीची हलगी थांबून थांबून वाजते, आगीची अजिबात थांबायची नाही. बॅटरीचे पंप बाद, हाताने दांडा मारायचेच चालतील. पुढच्या मंगळवारी पुन्हा. आणि त्याच्या पुढच्या मंगळवारी पुन्हा. तिसऱ्या वेळेला म्हातारीने पिशवी आणली नाही. वीरभद्रही ओट्यावर नव्हता. तो आपल्या गोठ्याच्या खांबाला विळा बांधत होता. कुणी बघतेय हे कळल्यावर तो आत गेला.

पाडव्यानंतर चौथ्या दिवशी, दुपारी तीनला, डोंगराच्या पलीकडच्या अंगाला धूर दिसला. पलीकडच्या शिवारात कुणी बांध पेटवून जेवायला गेले होते, असे नंतर कळले. तासाभरात आग डोंगराच्या माथ्यावर आली. ऊन असे की पत्रे तडतडत होते, आणि वारा वरून खाली.

हलगी वाजली आणि वाजतच राहिली.

कुणी डोंगराकडे धावले नाही. दावी कापली गेली, जनावरे ओढ्याच्या वाळूत उतरली, म्हातारी माणसे शाळेत गेली. वीसेक माणसे डहाळे घेऊन जाळरेषेच्या अलीकडे उभी राहिली. बारा पंप गोठ्यांच्या छपरांपाशी. शिवगंगाच्या पाठीवरही एक होता. संगमेश वनखात्याला आणि मुखेडच्या अग्निशामक बंबाला फोन लावत होता, पण घाट चढून बंब यायला वेळ लागणार हे सगळ्यांना ठाऊक होते.

आग उतारावरून आली, गवत कडकडत, धुराचा लोट पुढे ढकलत. रेषेला भिडली आणि लहान मुलासारखी जागच्या जागी नाचली. डहाळे पडले. दोन ठिकाणी तिने रेष ओलांडली, दोन्ही ठिकाणी बायांनी तिला मातीत चेपली. पण ठिणग्या डोक्यावरून येत होत्या. मोकळ्या गंजमाळावर त्या पडत, क्षणभर लुकलुकत आणि मातीत विझत. शिवगंगा ते बघत होती. एक एक विझताना बघत होती.

मग वीरभद्राच्या गंजीच्या शेंड्यावर धूर आला.

“पंप! समदे पंप हिकडं आना!” वीरभद्र ओरडला. चार-पाच गडी छपरांकडून हलले.

शिवगंगाने मागे बघितले. गोठ्यांच्या छपरांवर ठिणग्या पडत होत्या, पंपांच्या फवाऱ्याखाली विझत होत्या. फवारा हलला की पाचव्या मिनिटाला गोठे, गोठ्यांमागे घरे. बारा पंपांत गंजी विझणार नव्हती, हे तिला माहीत होते. एवढी मोठी गंजी पेटली की तिला फक्त संपू द्यावे लागते.

“कुणी हलायचं न्हाई!” ती ओरडली. “पंप छपरावर! गंजी जाऊ द्या!”

गडी थांबले. वीरभद्राने तिच्याकडे बघितले, त्या नजरेत काय होते ते तिने पुढे कधी कुणाला सांगितले नाही. मग तो वळला, शिडी लावली आणि गंजीवर चढायला लागला. वरच्या पेटलेल्या पेंढ्या ओढून फेकू, खालच्या वाचवू. अगदी तोच विचार, तीच जागा.

शिवगंगा धावली. पदर कधीच खांद्यावर आला होता. तिने शिडी धरली आणि पस्तीस वर्षांत पहिल्यांदा दिराच्या तोंडाकडे बघून बोलली.

“भावजी, खाली या! आत्ताच्या आत्ता खाली या!”

तो थांबला, पण उतरला नाही. वर कडबा फुरफुरत होता. तेवढ्यात तिच्या बाजूने कुणी पुढे आले. शिवमूर्ती होता. त्याला शाळेत थांबायचे काम दिले होते. त्याने फक्त आपले दोन्ही हात वर केले, वळलेल्या बोटांचे, आणि भावाच्या डोळ्यांपुढे धरले.

“बग,” तो म्हणाला. “नीट बग, दादा.”

वीरभद्र शिडीवर तसाच राहिला. एक पेंढी पेटत त्याच्या खांद्यावरून खाली पडली. मग तो एकेक पायरी उतरला. तिघे मागे सरकले आणि गंजी भक्कन पेटली.

ती दीड तास जळली. कुणी तिच्याजवळ गेले नाही. बंब आला तेव्हा डोंगर काळा पडला होता आणि गाव जसेच्या तसे होते. एक छप्पर गेले नाही, एक जनावर नाही, एक हात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाया पेंढ्या घेऊन निघाल्या. रीत होती. पण गंजमाळाच्या तोंडाशी सगळ्या थबकल्या. वीरभद्र आपल्या राखेपाशी काठी टेकून उभा होता. दोन्ही भावांच्या जागांवर मिळून एकच काळा गोल पडला होता. पेंढ्या टाकायच्या तर तिथेच, त्याच्या जागेवर, म्हणजे गंजी पुन्हा माळावरच.

शिवगंगा मागून आली. डोक्यावर पाच पेंढ्या. ती थांबली नाही. राखेजवळून गेली, दिराजवळून गेली, माळ संपला, ओढ्याच्या वाळूत उतरली, पलीकडे चढली, आणि वळणावरच्या चाळिसाव्या दगडापाशी पेंढ्या धाडकन खाली टाकल्या. मग तिने मागे वळून बायांकडे बघितले.

एक बाई हलली. मग दुसरी. मग रांगच लागली. वीरभद्राची बायको सगळ्यांत शेवटी, आपल्याच घरासाठी कुणी दिलेल्या पेंढ्या उचलून, खाली मान घालून ओढा ओलांडून गेली. दहा वाजेपर्यंत चाळिसाव्या दगडापाशी पेंढ्यांचा ढीग झाला.

वीरभद्र राखेपाशीच उभा राहिला. ऊन चढले. “मालक, वैरण भुईवर पडून हाय,” केरबा जाता जाता म्हणाला. “शेळ्या येतील.” शेळ्या खरोखर आल्या. शिवमूर्ती दगडावर जाऊन बसला आणि मनगटात काठी धरून त्यांना हाकलत राहिला. रचणे त्याला जमणार नव्हते, राखणे जमत होते.

बारा वाजून गेल्यावर वीरभद्र ओढ्यात उतरला. वर आला. अंगरखा काढून दगडावर ठेवला, डोक्याचा रुमाल कमरेला बांधला. ढिगाकडे, मग आखलेल्या जागेकडे, मग भावाकडे बघितले.

“खाली तुराट्या लागतील,” तो म्हणाला. शेळीला नाही.

“आणून ठिवल्यात,” शिवमूर्ती म्हणाला. “त्या बग, मागं. आन बुडखे भायेर, शेंडे आत.”

“मला शिकिवतो का?”

“गेल्या येळी उलटं रचलं व्हतंस तू. म्हणून पाणी शिरायचं.”

वीरभद्राने पहिली पेंढी उचलली. ती ठेवली. बुडखे बाहेर. मग दुसरी.

शिवगंगा तेव्हा तिथे नव्हती. ती फावडे घेऊन वर रेषेवर होती, आगीने जिथे ओलांडले होते त्या दोन जागा बघत. एका ठिकाणी रेष आठच पावले होती. तिने पावलाने मोजले, पुन्हा मोजले आणि जिथे दहावे पाऊल पडायला हवे होते तिथे एक दगड ठेवला.